गावाच्या मालकीचं गोल्फ

गोल्फ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एक ठरावीक चित्र येतं. हिंदी सिनेमातला शेठ पांढरी टोपी घालून हिरवळीवर उभा आहे. मागे एक पोरगा काठ्यांची जड पिशवी खांद्याला लावून चालतो आहे. एक फटका, मग थोडं चालणं, मग दुसरा फटका, आणि त्या दोन फटक्यांच्या मधे कोट्यवधींचा सौदा ठरतो. क्रिकेट गल्लीतलं, कबड्डी मातीतली आणि गोल्फ कुंपणापलीकडचं, अशी आपली सरळ वाटणी आहे. ही वाटणी निव्वळ गैरसमजातून झाली असंही नाही. आपल्या देशात हा खेळ इंग्रज साहेबाबरोबर आला. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ सालचा. ब्रिटिश बेटांच्या बाहेरचा तो सगळ्यांत जुना क्लब मानला जातो. पुढे छावण्यांमध्ये, थंड हवेच्या ठिकाणी, रेल्वेच्या वसाहतींमध्ये मैदानं झाली. ती सगळी साहेबांसाठी होती. साहेब गेला, त्याच्या जागी आपले साहेब आले. कुंपण मात्र तसंच राहिलं.

पण ज्या देशात हा खेळ लहानाचा मोठा झाला, तिथे त्याचा जन्म कुंपणात झालेला नाही. तो झाला गावाच्या गायरानात. ही गोष्ट मला तिथल्या मैदानात स्वतः पायी फिरल्यावर नीट उमगली, म्हणून ती आज सांगावीशी वाटते.

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर सेंट अँड्र्यूज नावाचं छोटं गाव आहे. जुनं विद्यापीठ, पडक्या कॅथीड्रलचे उंच अवशेष, दगडी घरं, आणि गावाला लागूनच समुद्र. माझा भाचा तिथून जवळच्या डंडी शहरात नोकरीला आहे. त्याच्याकडे मुक्कामाला होतो. तो म्हणाला, "मामू, इथं येऊन सेंट अँड्र्यूज बघितलं नाही तर लोक हसतील." जगभरचे गोल्फवाले या गावाला आपलं मूळ पीठ मानतात. मला वाटलं होतं, मोठं प्रवेशद्वार असेल, पहारेकरी असेल. प्रत्यक्षात बसमधून उतरून समुद्राच्या दिशेने चालत गेलो, तर रस्ता संपला आणि मैदान सुरू झालं. मधे दरवाजा असा नव्हताच.

तिथे या जमिनीला 'लिंक्स' म्हणतात. समुद्र आणि शेती यांच्या मधली ही रेताड, उंचसखल पट्टी. नांगर घालावा तर पीक येत नाही, घर बांधावं तर पाया धरत नाही. आपल्याकडे अशा जमिनीला पड म्हणतात आणि ती गुरं चारायला सोडून देतात. तिथेही तेच झालं. मेंढ्या आणि ससे गवत कुरतडत राहिले, त्यामुळे ते आपोआप आखूड राहिलं. बोचऱ्या वाऱ्यापासून अंग चोरायला मेंढ्या वाळूच्या उतारांना टेकून बसत. तिथलं गवत जाऊन खड्डे पडले, आणि तेच पुढे गोल्फमधले बंकर झाले, असं सांगतात. म्हणजे आज ज्या मैदानांसाठी बुलडोझर लावून डोंगर सपाट करतात, त्या मैदानाचा मूळ नमुना मेंढ्यांनी, सशांनी आणि वाऱ्याने आखलेला आहे. कुणा वास्तुविशारदाने नव्हे.

आता खेळाकडे वळू. गोल्फची एक फेरी, तिकडच्या भाषेत 'राउंड', म्हणजे अठरा छोट्या प्रवासांची एक यात्रा असते. प्रत्येक प्रवासाला 'होल' म्हणतात. सुरुवातीला एक सपाट चौथरा असतो, तो 'टी'. तिथे लाकडाच्या नाहीतर प्लास्टिकच्या छोट्या खुंटीवर चेंडू ठेवून पहिला फटका मारायचा. समोर कापलेल्या गवताचा रुंद पट्टा असतो, तो 'फेअरवे'. दोन्ही बाजूंना वाढलेलं गवत आणि झुडपं, तो 'रफ'. वाटेत कुठे वाळूचे बंकर, कुठे ओढा. शेवटी गालिच्यासारखी बारीक कापलेली हिरवळ, म्हणजे 'ग्रीन'. त्या हिरवळीत झेंडा रोवलेला एक खळगा, बरोबर १०८ मिलिमीटर रुंदीचा. चेंडू लिंबाएवढा, वजनाला ४६ ग्रॅमपेक्षा जास्त नाही. तो कमीत कमी फटक्यांत त्या खळग्यात घालायचा, एवढाच हा खेळ. आपल्या गोट्यांच्या गलीपेक्षा तत्त्व काही वेगळं नाही, फक्त गल तीनचारशे मीटरवर आहे.

प्रत्येक होलला चांगल्या खेळाडूला किती फटके लागावेत याचा एक आकडा ठरलेला असतो, त्याला 'पार' म्हणतात. जवळच्या होलला तीन, मध्यमला चार, लांबच्याला पाच. काठ्या जास्तीत जास्त चौदा बाळगता येतात. कुणी लांब पल्ल्याची, कुणी चेंडू उंच उचलणारी, कुणी वाळूतून बाहेर काढणारी, आणि हिरवळीवर चेंडू हलकेच ढकलायला 'पटर'.

सेंट अँड्र्यूजला एक नव्हे, सात मैदानं आहेत आणि सातही सार्वजनिक. सगळ्यांत जुनं ते 'ओल्ड कोर्स'. त्यानंतरचं 'न्यू कोर्स' १८९५ सालचं आहे. सव्वाशे वर्षांहून जुन्या मैदानाला अजून नवं म्हणणारं हे गाव! सगळ्यांत लहान 'बालगोव्ह', नऊ होलचं. ते मुलांसाठी, म्हाताऱ्यांसाठी आणि माझ्यासारख्या नवशिक्यांसाठी. तिथे कसलं प्रमाणपत्र लागत नाही. आम्ही काठ्या भाड्याने घेतल्या आणि रांगेत उभे राहिलो. आमच्या पुढे एक बाप आणि त्याची सातआठ वर्षांची मुलगी होती. मागे सत्तरी उलटलेल्या दोन बाया, काठ्यांची हातगाडी ओढत, गप्पा मारत. शेठ कुठेच दिसेना.

पहिल्याच होलला भाच्याने नियम सांगितला. "मामू, काठी नुसती हवेतून गेली, चेंडूला लागली नाही, तरी तो फटका मोजायचा." मी विचारलं, मोजणार कोण? पंच कुठे आहे? तो म्हणाला, पंच नाही. रोजच्या खेळात पंच नसतोच. खेळाडू एकमेकांचं कार्ड लिहितात, पण झुडपात एकटाच चेंडू शोधत असताना तुमच्या पायाने तो हलला, तर ते तुम्ही आपण होऊन सांगायचं. बंकरमधून बाहेर पडताना आपल्या पावलांचे ठसे दाताळ्याने पुसायचे. काठीने उखडलेलं गवताचं ढेकूळ परत जागेवर बसवायचं. चेंडू कुणाच्या अंगावर जातोय असं दिसलं तर 'फोर!' म्हणून मोठ्याने ओरडायचं. ज्याचा चेंडू खळग्यापासून सगळ्यांत लांब, त्याने आधी खेळायचं. मागे पडलेल्याला पहिली संधी, हा नियम मला फार आवडला.

आणखी एक सुंदर व्यवस्था म्हणजे 'हँडिकॅप'. खेळाडूच्या कुवतीनुसार त्याला काही फटक्यांची सूट मिळते. समजा माझा हँडिकॅप वीस आहे आणि तुमचा पाच. मी शंभर फटक्यांत फेरी संपवली तर हिशोबात ऐंशी धरायचे. तुम्ही नव्वदमध्ये संपवली तर पंच्याऐंशी. म्हणजे तुम्ही माझ्यापेक्षा सरस, तरी आजचा दिवस माझा. कच्चा आणि पक्का, बाप आणि मुलगी, एकाच मैदानात बरोबरीने खेळू शकतात. मी त्या दिवशी नऊ होलना एकाहत्तर फटके घेतले. भाच्याने ते कार्डावर जसेच्या तसे लिहिले, एकही कमी केला नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, आणि खरी नवलाई त्या दिवशी दिसली. रविवारी ओल्ड कोर्सवर गोल्फ बंद असतं. मोठ्या स्पर्धांचे अपवाद सोडले तर दर रविवारी जगातलं हे सगळ्यांत नामांकित मैदान सार्वजनिक बाग होऊन जातं. बाकी सहा दिवस ज्या गवतावर चेंडू मारायला लोक अमेरिकेतून, जपानमधून येतात, त्या गवतावर त्या दिवशी गावातले लोक कुत्री फिरवत होते. कुणी बाळाची गाडी ढकलत होतं, पोरं पळत होती. आम्हीही पहिल्या होलपासून शेवटपर्यंत चालत गेलो. काठी नाही, चेंडू नाही, नुसती पायी फेरी.

चालताना मैदान वाचता येतं. ते गावातून निघून समुद्राकाठाने दूर जातं आणि वळून पुन्हा गावातच येतं. फार पूर्वी जाताना आणि येताना त्याच वाटेवर, त्याच खळग्यांत खेळत. गर्दी वाढली तेव्हा हिरवळी रुंद केल्या आणि एका हिरवळीत दोन खळगे केले, एक जाणाऱ्यांसाठी, एक येणाऱ्यांसाठी. आजही तिथे अशा सात जोडहिरवळी आहेत. गंमत म्हणजे प्रत्येक जोडीतल्या दोन होलच्या क्रमांकांची बेरीज अठरा होते. दुसरा आणि सोळावा, पाचवा आणि तेरावा. मुळात अठरा हा आकडाही इथलाच. पूर्वी इथली फेरी बावीस होलची होती. १७६४ साली सुरुवातीचे चार होल फार लहान वाटले, म्हणून त्यांचे दोन केले. जाताना दोन कमी, येताना दोन कमी, उरले अठरा. पुढे सगळ्या जगाने तो आकडा उचलला.

मैदानात शंभराहून जास्त बंकर आहेत. चौदाव्या होलवरच्या एका प्रचंड बंकरचं नाव 'हेल', म्हणजे नरकच. पहिल्या आणि अठराव्या होलच्या पट्ट्यांवरून एक सार्वजनिक रस्ता आडवा जातो. खेळ चालू असतानाही लोक त्यावरून समुद्राकडे जातात आणि खेळणारे थांबतात. शेवटच्या टप्प्यात ओढ्यावर एक छोटा दगडी कमानीचा पूल आहे, स्विल्कन ब्रिज. मोठमोठे खेळाडू निवृत्तीच्या वेळी त्यावर उभं राहून हात हलवतात. आम्ही गेलो तेव्हा त्यावर एक म्हातारे गृहस्थ बसून सँडविच खात होते. जवळच लाटांसारख्या चढउतारांची एक हिरवळ आहे. तिचं नाव 'हिमालय'! १८६७ साली इथल्या बायकांनी आपला पटिंग क्लब काढला, त्याची ही जागा. थोडे पैसे देऊन तिथे कोणीही खेळू शकतं.

हे सगळं असंच्या असं टिकून राहिलं असं मात्र समजू नका. या मैदानाचा इतिहास म्हणजे गायरान राखण्याच्या भांडणाचा इतिहास आहे.

पहिला घाव राजाने घातला. १४५७ साली स्कॉटलंडच्या दुसऱ्या जेम्सच्या संसदेने फुटबॉल आणि गोल्फ दोन्हींवर बंदी घातली. का, तर लोक तिरंदाजीचा सराव सोडून यातच रमतात आणि लढाईला उपयोगी पडत नाहीत. बंदी पुन्हा पुन्हा घालावी लागली, यावरून ती किती पाळली गेली हे समजतं. पुढे त्याच घराण्यातल्या चौथ्या जेम्सने १५०२ मध्ये धनुष्य बनवणाऱ्या कारागिराकडून गोल्फच्या काठ्या विकत घेतल्याची नोंद आहे.

१५५२ साली तिथले आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांना या रेताड जमिनीवर ससे पाळायचे होते. त्यासाठी झालेल्या दस्तऐवजात गावकऱ्यांचे हक्क नोंदवले गेले. ससे आर्चबिशपांचे, पण जमिनीवर गोल्फ आणि फुटबॉल खेळण्याचा, नेमबाजी करण्याचा, गुरं चारण्याचा हक्क गावाचा. खेळण्याच्या हक्काची अशी लेखी नोंद मला चराईच्या हक्काच्या रांगेत बसलेली दिसली, आणि फार योग्य वाटली. माणसालाही चरायला मोकळी जागा लागतेच.

खरा घाव बसला १७९७ साली, आणि तो परक्याने घातला नाही. गावाची नगरपरिषद कर्जात बुडाली होती. तिने ही जमीन विकून टाकली. घेणाऱ्यांनी तिथे व्यापारासाठी ससे पाळले. सशांनी बिळं खणून मैदानाची चाळण केली. गोल्फ खेळणारे कोर्टात गेले. वीसएक वर्षं तंटा चालला, कागदावर आणि मैदानातही. शेवटी १८२१ साली जेम्स चीप नावाच्या शेजारच्या जमीनदाराने ती जमीन विकत घेतली. तो स्वतः गोल्फ खेळणारा, म्हणून मैदान वाचलं. पण वाचलं ते एका माणसाच्या मर्जीने. पुढे चीप घराण्याकडून ते तिथल्या प्रसिद्ध रॉयल अँड एन्शंट क्लबच्या हाती गेलं. तेव्हा गाव उठलं. १८९४ साली थेट संसदेचा कायदा करून घेऊन गावाने आपलं मैदान परत मिळवलं. १९७४ च्या कायद्याने त्याचा कारभार एका सार्वजनिक ट्रस्टकडे गेला, तो आजही आहे.

म्हणूनच तिथे एक विलक्षण चित्र दिसतं. पहिल्या होलच्या मागे त्या क्लबची भारदस्त दगडी इमारत उभी आहे. ती खाजगी. आत सभासदांनाच प्रवेश, आणि बायकांना सभासद करून घ्यायला त्या क्लबने २०१४ साल उजाडू दिलं. पण इमारतीची पायरी संपली की क्लबची मालकी संपते. समोरचं गवत गावाचं. क्लबच्या सभासदालाही तिथे गावकऱ्यांबरोबर आपली पाळी धरावी लागते. ओल्ड कोर्सवरच्या पुष्कळशा वेळा रोज चिठ्ठ्या टाकून वाटल्या जातात. गावकऱ्याला वर्षाचा पास स्वस्तात मिळतो. बाहेरच्याला मात्र ओल्ड कोर्सच्या एका फेरीचे शेकडो पौंड पडतात. म्हणजे तिथेही सगळं फुकट आणि सगळ्यांना सारखं आहे असं नाही. पण तो पैसा मैदानांच्याच देखभालीवर खर्च होतो, कुणा मालकाच्या खिशात जात नाही.

मैदानाला फाटक लागलं की काय होतं, हे समजायला मी पापवा सेवगोलमची गोष्ट आठवतो. दक्षिण आफ्रिकेतल्या डरबनचा हा भारतीय वंशाचा मुलगा. गोऱ्यांच्या काठ्या वाहणारा कॅडी. शिकवायला कुणी नव्हतं, तेव्हा आपलाआपणच शिकला. काठीवर त्याच्या हातांची पकडही उलटी, डावा हात खाली. असा हा माणूस १९५९, १९६० आणि १९६४ अशी तीन वेळा हॉलंडची खुली स्पर्धा जिंकला. १९६३ साली घरच्याच डरबनमध्ये त्याने नाताळ ओपन जिंकली. पण वर्णभेदाच्या कायद्यामुळे क्लबच्या इमारतीत त्याला पाऊल टाकता येत नव्हतं. बाहेर पाऊस पडत होता. गोरे खेळाडू आत होते, आणि विजेत्याला त्याचा चषक बाहेर, पावसात देण्यात आला. तो फोटो जगभर गेला. १९६५ साली त्याने गॅरी प्लेअरसारख्या दिग्गजाला हरवून तीच स्पर्धा पुन्हा जिंकली. त्यानंतर सरकारने त्याच्यावर स्पर्धांचे दरवाजेच बंद केले. १९७८ साली तो गेला. पुढे डरबनमधल्या एका सार्वजनिक गोल्फ मैदानाला त्याचं नाव मिळालं. खेळ तोच, चेंडू तोच, खळगाही १०८ मिलिमीटरचाच. फरक होता तो जमीन कुणाची आणि फाटकावर कोण उभं आहे, एवढाच.

मग आपल्याकडे गावोगाव सार्वजनिक गोल्फ मैदानं व्हावीत, असं मी म्हणतो आहे का? तसं नाही. दिल्लीत विकास प्राधिकरणाने लाडो सरायला कुतुब गोल्फ कोर्स केलं आहे, तिथे पैसे भरून सामान्य माणूस खेळू शकतो. तो प्रयोग चांगलाच आहे. पण अठरा होलच्या मैदानाला सव्वाशेदीडशे एकर जमीन लागते. स्कॉटलंडात वरून पाऊस पडतो आणि गवत आपलंआपण वाढतं. आपल्याकडे मार्चनंतर ते पंपाने जगवावं लागतं. ज्या तालुक्यात बाया टँकरची वाट बघतात, तिथे हिरवळीवर पाण्याचे फवारे उडवणं शोभत नाही. साहेबालाही हे कळत होतं. जुन्या काळी आपल्याकडे कितीतरी ठिकाणी हिरवळीऐवजी तेल घालून दाबलेल्या वाळूवर खेळत, आणि तिला 'ग्रीन' न म्हणता 'ब्राऊन' म्हणत.

शिकायचं आहे ते वेगळंच, आणि त्याचा धडा आमच्या नाशकातच आहे. त्र्यंबक रोडवरच्या मोठ्या मैदानाला सगळं शहर 'गोल्फ क्लब' म्हणतं. साहेबाच्या काळाची ही आठवण, फक्त नावापुरती उरलेली. आज मैदानाचं अधिकृत नाव हुतात्मा अनंत कान्हेरे. १९०९ साली कलेक्टर जॅक्सनला गोळी घालणारा आणि पुढच्या वर्षी फासावर गेलेला तो कोवळा पोरगा. साहेबाच्या खेळाचं नाव आणि साहेबाला मारणाऱ्याचं नाव एकाच मातीवर गुण्यागोविंदाने नांदतं. तिथे रणजीचे क्रिकेट सामने झाले. सकाळी शहर तिथे चालायला येतं. डॉक्टरांनी साखर सांगितलेले, गुडघे धरलेले, पोलीस भरतीची तयारी करणारे, सगळे एकाच वाटेवर. शेजारीच आमचं ईदगाह मैदान. ईदच्या सकाळी तिथे हजारोंच्या सफा लागतात आणि नमाज झाल्यावर गळाभेटी होतात. "गोल्फ क्लबवर भेटू" असं नाशिककर म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात काठी नसते आणि चेंडूही नसतो. मोकळी जागा असते.

अशी मोकळी जागा प्रत्येक गावात आहे. कुठे गायरान, कुठे जत्रेचा माळ, कुठे शाळेमागचं पटांगण, कुठे नकाशात क्रीडांगण म्हणून राखून ठेवलेला तुकडा. ती एका रात्रीत जात नाही. सेंट अँड्र्यूजची गेली होती तशी ती जाते. कर्जाचं कारण निघतं, एखाद्या बैठकीत ठराव होतो, आणि लोकांना पत्ता लागतो तो बिळं पडल्यावर. त्या गावाला आपलं मैदान परत मिळवायला १७९७ पासून १८९४ पर्यंत, म्हणजे सत्त्याण्णव वर्षं लागली. विकायला मात्र एक सही पुरली होती.

तेव्हा श्रोतेहो, गोल्फ खेळा अगर खेळू नका. पण ज्या मैदानावर तुम्ही लहानपणी खेळलात, त्याच्या सातबाऱ्यावर आज कुणाचं नाव आहे, तेवढं एकदा तलाठ्याकडे जाऊन बघून या.